सॉफ्टवेअर ‘टाकून देता का?’

कोहमाऱ्याच्या चौकातून चार दिशांना रस्ते फुटतात. एक साकोलीवरून नागपूरला, एक देवरीवरून रायपूरला, एक गोरेगाववरून गोंदियाला आणि एक नवेगावबांधवरून अर्जुनी मोरगावला. जुलैत कॉलेजं सुरू झाली की या चारही रस्त्यांवरच्या एसटीत पाठीला लॅपटॉपची बॅग लावलेली पोरंपोरी दिसू लागतात. सगळेच काही कॉलेजला चाललेले नसतात. काहीजण लॅपटॉप दुकानात द्यायला चाललेले असतात. बिघडला म्हणून नाही, लॅपटॉप चांगला ठणठणीत आहे. त्यात फक्त ‘सॉफ्टवेअर टाकायचं’ आहे.

‘टाकणं’ हे आपलं लाडकं क्रियापद. गाडीत पेट्रोल टाकायचं, मोबाइलमध्ये रिचार्ज टाकायचा, लॅपटॉपमध्ये सॉफ्टवेअर टाकायचं. पंपावरचा माणूस पेट्रोल टाकतो तसा दुकानातला भाऊ सॉफ्टवेअर टाकतो. आपण बाहेर चहा पीत थांबायचं. बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, पॉलिटेक्निक किंवा इंजिनिअरिंग करणारा, म्हणजे उद्या याच कामावर पोट भरायचं ठरवलेला मुलगासुद्धा बाहेर चहा पीत थांबतो, हे मला पटत नाही. आणि यात चूक त्या मुलाची कमी, त्याला शिकवणाऱ्या व्यवस्थेची जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रॅक्टिकलची वही उघडून बघा. पहिला प्रयोग काय असतो? ‘दोन संख्यांची बेरीज करणारा प्रोग्राम लिहा.’ पण तो प्रोग्राम कुठे लिहायचा, तो चालवणारी यंत्रणा कुठून आणायची, ती बसवताना काय काय आडवं येतं, हा प्रयोग वहीत नाहीच. लॅबमध्ये मशीन तयार असतं. आयकॉनवर दोनदा क्लिक केलं की निळी खिडकी उघडते. घरी आल्यावर आपल्या लॅपटॉपवर ती खिडकी नसते आणि तिथून पुढे आपण अनाथ. एमएस-सीआयटीत आपण तयार मशीन वापरायला शिकलो, ते ठीकच होतं; तो कोर्स होताच वापरणाऱ्यांसाठी. पण डिग्रीच्या तीन-चार वर्षांतही आपण वापरणारेच राहत असू, तर मग फरक काय पडला?

दुकानात जाण्याचा खर्च आधी मोजू. जाण्यायेण्याचं भाडं, दुकानदाराचे पैसे, बुडालेला दिवस. कोहमाऱ्याहून गोंदिया चाळीसेक किलोमीटर. दुकानदार म्हणाला ‘उद्या या’, की हेच पुन्हा. पण पैशापेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे आणि तिच्याबद्दल मुली जास्त मोकळेपणानं सांगतील. लॅपटॉप एक-दोन दिवस दुसऱ्याच्या ताब्यात राहतो. त्यात घरचे फोटो असतात, ब्राउझरमध्ये ईमेल उघडा असतो, पासवर्ड साठवलेले असतात. कित्येक मुली म्हणूनच लॅपटॉप दुकानात देत नाहीत, घरचेही देऊ देत नाहीत. मग सॉफ्टवेअर बसत नाही, प्रॅक्टिकल घरी होत नाही आणि ‘मुलींना कोडिंगमध्ये रस नसतो’ असं म्हणायला आपण मोकळे. दुकानाला पर्याय म्हणून काहीजण एनीडेस्कचा नंबर देऊन कोणातरी अनोळखी ‘हेल्पर’च्या हाती अख्खा स्क्रीन सोपवतात. ते तर दुकानाहून वाईट. दुकानदाराचा चेहरा तरी ओळखीचा असतो.

बरं, असं अवघड काय असतं त्या बसवण्यात? खरं सांगायचं तर थोडं असतंच. ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ एवढंच आहे असं सांगणारे खोटं बोलतात. नेक्स्ट-नेक्स्ट करून झालं की काळ्या खिडकीत आपण कमांड देतो आणि उत्तर येतं, ‘ही कमांड ओळखता येत नाही’. आत्ताच तर बसवलं! इथेच नव्वद टक्के पोरं लॅपटॉप मिटतात. (नव्वद हा आकडा माझा अंदाज, पण ग्रुपवर येणारे स्क्रीनशॉट बघता फार चुकलेला नसावा.)

गंमत अशी की या एकाच अडचणीत शिकण्यासारखं खूप काही आहे. विंडोजकडे फोल्डरांची एक यादी असते, तिला ‘पाथ’ म्हणतात. आपण एखाद्या प्रोग्रामचं नाव टाइप केलं की आपण उभे असतो तो फोल्डर आणि या यादीतले फोल्डर, एवढ्यातच विंडोज तो शोधतं. यादीत नसेल, तर तो प्रोग्राम डिस्कवर असूनही त्याच्या लेखी नसतो. एसटीच्या जलद गाडीसारखं आहे हे. तुमचं गाव रस्त्यावरच आहे, गाडी गावावरूनच जाते, पण थांब्यांच्या यादीत गावाचं नाव नसेल तर कंडक्टर घंटी मारणार नाही. पायथन बसवताना पहिल्याच खिडकीत खाली एक चौकोन असतो, पायथनला पाथमध्ये जोडायचं का, असं विचारणारा. तो आपोआप टिक केलेला नसतो आणि आपण घाईत पुढे जातो. मग विंडोज १० किंवा ११ वर ‘पायथन’ टाइप केलं की थेट मायक्रोसॉफ्टचं स्टोअर उघडतं आणि आपल्याला वाटतं, आता हे विकत घ्यावं लागतंय की काय!

दुसरा नेहमीचा घोळ व्हीएस कोडचा. यूट्यूबवरचा भाऊ व्हीएस कोडमध्ये सी-प्लस-प्लस लिहितो, बटण दाबतो, उत्तर येतं. आपण व्हीएस कोड बसवतो, बटण दाबतो, काहीच येत नाही. कारण व्हीएस कोड ही लिहायची वही आहे, प्रोग्रामचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर नाही. तो वेगळा बसवावा लागतो. आणि काहीजण तर त्याहून पुढे जातात: नावं सारखी म्हणून व्हीएस कोडऐवजी व्हिज्युअल स्टुडिओ डाउनलोडला लावतात. पहिलं दोनशे एमबीच्या आतलं, दुसरं कित्येक जीबींचं. दिवसाचा दीड जीबीचा पॅक सकाळी साडेनऊला संपला, की समजायचं हेच झालंय.

आणखी एक सांगून ठेवतो, कारण हे कोणी सांगत नाही. नवा लॅपटॉप सुरू करताना विंडोजला आपलं नाव हौसेनं पूर्ण देतात, आडनावासकट, मध्ये जागा सोडून, काहीजण देवनागरीतही. त्याच नावाचा फोल्डर अनेकदा तयार होतो. पुढे जुन्या पद्धतीची काही टूल्स फोल्डरच्या नावातली रिकामी जागा किंवा देवनागरी अक्षरं बघून अडखळतात. मराठी नावामुळे टूल बंद पडावं याचा राग यायलाच हवा, तो टूल बनवणाऱ्यांवर काढावा. पण प्रॅक्टिकल उद्या असेल तर प्रोजेक्ट सरळ सी ड्राइव्हवर इंग्रजी अक्षरांत, जागा न सोडता नाव दिलेल्या फोल्डरमध्ये ठेवावा.

या सगळ्यात दोन तास गेले असं समजा. त्या दोन तासांत फोल्डर काय, पाथ काय, लिहायचं साधन आणि कंपायलर यांत फरक काय, एवढं कळलं. दुकानात हेच काम वीस मिनिटांत झालं असतं आणि कळलं काहीच नसतं. पुढच्या वेळी पुन्हा एसटी.

आता लॅबमधल्या त्या निळ्या खिडकीकडे वळू. टर्बो सी-प्लस-प्लस. बोरलँड कंपनीचं हे उत्पादन नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं, म्हणजे आज सेकंड इयरला असलेल्यांच्या जन्माच्या कितीतरी आधीचं. सी-प्लस-प्लस भाषेचं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं १९९८ मध्ये, त्याच्याही आधीचं. आजच्या विंडोजवर ते सरळ चालत नाही. डॉसबॉक्स नावाचं, जुनं मशीन असल्याचा आव आणणारं सॉफ्टवेअर लावून चालवावं लागतं. तरी देशभरातल्या कित्येक लॅबमध्ये ते अजून ठाण मांडून आहे. का? एकदा बसलंय, चालतंय, वहीतले प्रोग्राम त्यावरच लिहिलेले आहेत.

‘चालतंय ना, मग काय बिघडलं?’ असं विचारणाऱ्यांसाठी आपल्या भागातलंच गणित देतो. २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २३०० रुपये होता. पंधरा क्विंटल धान विकलं तर ३४,५०० रुपये. हा साधा गुणाकार टर्बोमध्ये नेहमीच्या ‘इंट’ प्रकारात करून पाहा. उत्तर येतं उणे ३१,०३६. म्हणजे धान शेतकऱ्याचं गेलं आणि वर त्यालाच एकतीस हजार द्यायचे! कारण टर्बोमधला इंट सोळा बिटांचा आहे, त्यात ३२,७६७ च्या पुढचा आकडा मावत नाही. त्याच्या पुढे गेलं की मोजणी फिरून ऋण बाजूला जाते. आजच्या कंपायलरवर इंट बत्तीस बिटांचा असतो, उत्तर बरोबर येतं. हा फरक समजून सांगायला टर्बो वापरलं तर ते उत्तम उदाहरण आहे. पण तेच एकमेव जग म्हणून शिकवलं, तर पोरगा नागपूर-पुण्याला मुलाखतीत समोर ठेवलेल्या मशीनवर पहिल्याच ओळीत अडकतो. त्यानं शिकलेल्या हेडर फाइलींची नावं आजचा कंपायलर ओळखतच नाही.

टूल बसवण्यापेक्षाही मला जास्त आवडणारी गोष्ट म्हणजे सर्व्हिस बसवणं. झॅम्पचंच घ्या. वेबसाइट चालवायला जे लागतं ते, म्हणजे अपाची हा वेब सर्व्हर, मारियाडीबी हा डेटाबेस आणि पीएचपी व पर्ल या भाषा, एका गाठोड्यात बांधून मिळतं. फुकट. बसवलं, कंट्रोल पॅनेलमध्ये दोन बटणं हिरवी झाली, ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ लिहिलं की पान उघडतं. हे पान कुठून आलं? मुंबईहून नाही, अमेरिकेहून नाही. तुमच्याच मशीननं मागितलं आणि तुमच्याच मशीननं दिलं. ‘सर्व्हर’ म्हणजे कुठल्यातरी थंडगार काचेच्या इमारतीतलं कपाट, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. सर्व्हर म्हणजे मागेल त्याला उत्तर देत बसलेला एक प्रोग्राम, तो चार जीबीच्या लॅपटॉपवरही बसू शकतो, हे कळायला लोकलहोस्टचं ते एक पान पुरतं.

आणि त्याच्या पुढची पायरी तर फारच मजेची आहे. फोनचा हॉटस्पॉट सुरू करा, लॅपटॉप त्याला जोडा, दोघा-तिघा मित्रांचे फोनही जोडा. मोबाइल डेटा बंद ठेवला तरी बहुतेक फोनवर हॉटस्पॉट चालतो. लॅपटॉपचा त्या जाळ्यातला आयपी पत्ता मित्राच्या ब्राउझरमध्ये टाका. विंडोजचा फायरवॉल परवानगी विचारेल, ती फक्त आपल्या खासगी जाळ्यापुरती द्या. तुम्ही लिहिलेलं पान मित्राच्या फोनवर उघडतं, एक पैशाचा डेटा न जाता. सडक अर्जुनी तालुक्यातल्या एखाद्या गावात, टॉवरची एक काडी दिसत असताना, तुमची स्वतःची वेबसाइट पाच जणांना दिसते आहे. ग्रामपंचायतीचा दाखल्यांचा अर्ज, नवेगाव-नागझिऱ्याला येणाऱ्या पर्यटकांसाठी होमस्टेची यादी, धान खरेदी केंद्रावरच्या टोकनची नोंद, काय वाटेल ते तिथे करून बघता येतं. प्रोजेक्टसाठी दरवर्षी तीच ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम’ कॉपी करण्यापेक्षा बरं.

अर्थात झॅम्पही रडवतं. सगळ्यात नेहमीची तक्रार म्हणजे डेटाबेस सुरूच होत नाही, लाल अक्षरांत ‘अचानक बंद पडला’ एवढंच येतं. कधी मशीनवर आधीच दुसरं मायएसक्यूएल बसलेलं असतं आणि दोघं एकाच पोर्टसाठी भांडत असतात. कधी कारण आपल्याकडचं, अगदी घरगुती असतं: सेकंडहँड लॅपटॉप, बॅटरी मेलेली, चार्जरवरच चालणारा, आणि लाइट गेली. डेटाबेस लिहीत असताना वीज जाते आणि फाइल अर्धवट राहते. शहरातल्या ट्युटोरियलवाल्याला हे सुचतही नाही, कारण त्याची लाइट जात नाही. आपण मात्र रोज उठताना पीएचपीमायअॅडमिनमधून डेटाबेसची एक्स्पोर्ट फाइल काढून पेन ड्राइव्हवर ठेवायची सवय लावायला हवी. बँकेतली माणसंही बॅकअप याच कारणासाठी घेतात, फक्त त्यांचा पेन ड्राइव्ह मोठा असतो. आणि झॅम्पमधल्या डेटाबेसच्या मुख्य खात्याला सुरुवातीला पासवर्डच नसतो, हेही ध्यानात असू द्या. घरच्या मशीनवर सरावापुरतं ते चालतं. खऱ्या इंटरनेटवर असंच ठेवायचं नसतं. बनवणारे स्वतःच तसं सांगतात.

इंटरनेटची तक्रार आपण सगळेच करतो. माझी तक्रार जरा वेगळी आहे. नेट कमी आहे यापेक्षा, नेट अमर्याद आहे असं गृहीत धरून सगळं लिहिलेलं असतं, हे जास्त त्रासाचं आहे. आधी असं नव्हतं. २००५ ते २०११ या काळात उबुंटूची कंपनी मागेल त्याला लिनक्सची सीडी जगात कुठेही पोस्टानं फुकट पाठवायची. ‘डिजिट’सारख्या मासिकांसोबत सीडी-डीव्हीडी यायची आणि तिच्यात महिन्याभराचं सॉफ्टवेअर असायचं, घरात दादा-ताई त्या वयाचे असतील तर विचारा. तेव्हा नेट आजच्याहून कितीतरी वाईट होतं, पण सॉफ्टवेअर माणसापर्यंत चालत यायचं. आता माणसानं सॉफ्टवेअरपर्यंत चालत जायचं, तेही दिवसाला दीड जीबीच्या पायांनी.

मग पुन्हा पेन ड्राइव्हच बाहेर काढायला काय हरकत आहे? पायथन, व्हीएस कोड, गिट, झॅम्प या सगळ्यांच्या सेटअप फाइली मिळून अर्ध्या जीबीच्या आसपास जागा लागते. एकानं उतरवल्या तर वर्गातल्या साठ जणांनी उतरवायची गरज नाही. पायथनच्या लायब्रऱ्याही तशाच नेता येतात. ‘पिप इन्स्टॉल’ सगळ्यांना माहीत असतं, ‘पिप डाउनलोड’ फार कमी जणांना: त्यानं लायब्ररी न बसवता तिच्या फाइली एका फोल्डरमध्ये उतरतात आणि दुसऱ्या मशीनवर नेटशिवाय बसवता येतात. दोन्हीकडे विंडोज आणि पायथनची आवृत्ती सारखी असली म्हणजे झालं.

इथे एक शंका रास्त आहे. पेन ड्राइव्हवरून आलेली फाइल खरी कशावरून? वाटेत त्यात कोणी काही घुसवलं असेल तर? शंका घ्यायलाच हवी, कारण आपल्याकडे पेन ड्राइव्हवर व्हायरस आणि क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर हातात हात घालून फिरतात. उपाय आहे आणि तो शिकायला दहा मिनिटं लागतात. बरेच सॉफ्टवेअरवाले डाउनलोडच्या पानावरच फाइलचा ‘हॅश’ देतात, म्हणजे फाइलवरून गणितानं काढलेली चौसष्ट अक्षरं-आकड्यांची ओळ. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी ही ओळ पूर्ण बदलते. विंडोजमध्ये ‘सर्टयूटिल’ नावाची कमांड आधीपासूनच असते, ती आपल्याकडच्या फाइलचा हॅश काढून देते. दोन ओळी जुळल्या तर फाइल अस्सल. पान उघडून ओळ बघायला काही केबींचा डेटा लागतो, फाइल उतरवायला शेकडो एमबींचा. सायबर सिक्युरिटीवर सेमिनार ऐकण्यापेक्षा हे एकदा करून बघितलेलं जास्त लक्षात राहतं.

मराठीतून कोणी हात धरून शिकवावं असं वाटत असेल तर आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प आहे. लिनक्स, पायथन, सी, जावा, पीएचपी आणि मायएसक्यूएल अशा विषयांवर दहा-पंधरा मिनिटांचे व्हिडिओ, अनेक भारतीय भाषांत, त्यात मराठीही. झॅम्प बसवण्याचा पाठही त्यात आहे. मुख्य म्हणजे एकट्यानं, नेट नसताना शिकता यावं याच हिशोबानं ते आखलेले आहेत: व्हिडिओ उतरवून घ्यायचा, एका बाजूला तो लावायचा, दुसऱ्या बाजूला तेच आपण करायचं. काही व्हिडिओ आता जुने झालेत, त्यातल्या खिडक्या तुमच्यासारख्या दिसणार नाहीत. तरी हिंदी-इंग्रजी मिसळून तीनपट वेगानं बोलणाऱ्या यूट्यूबरपेक्षा ते परवडतात.

‘पण आता बसवायचंच कशाला?’ हा प्रश्न हुशार मुलं विचारतात आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ब्राउझरमध्येच कंपायलर मिळतो, गुगलच्या कोलॅबवर पायथन चालतं, एआयला सांगितलं की कोड लिहून मिळतो. फोनवरसुद्धा होतं. मग लॅपटॉपवर खटाटोप का? कोलॅब मीही चांगलं मानतो. मशीन लर्निंगला आपल्या लॅपटॉपची ताकद पुरणार नसेल तर तेच वापरावं. पण दोन गोष्टी विसरू नका. एक, तिथे नेट गेलं की काम थांबलं. दोन, ते अंगण दुसऱ्याचं आहे. हेरोकू नावाच्या सेवेवर विद्यार्थी वर्षानुवर्षं आपले प्रोजेक्ट फुकट चालवायचे, जगभरच्या ट्युटोरियलमध्ये तिचंच नाव असायचं. २८ नोव्हेंबर २०२२ पासून त्यांनी फुकटची योजना बंद केली. त्यांचा धंदा आहे, त्यांना हक्क आहे. पण ज्यांच्याकडे आपल्या मशीनवर तोच प्रोजेक्ट चालवायची रीत नव्हती त्यांचं काय झालं असेल, बघा विचार करून. आणि बऱ्याच मोठ्या क्लाउड सेवा फुकट खातं उघडतानाही बँकेचं कार्ड मागतात. घरात एकच कार्ड, तेही बाबांचं, आणि बाबा म्हणतात, ‘कायले पाहिजे तुले कार्ड?’ त्यांचं चुकतं असंही नाही.

एआयचं म्हणाल तर तो कमांड सांगतो, पण तुमच्या मशीनवर आधीच कोणती तीन पायथन बसलेली आहेत हे त्याला तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही. ते सांगायला तुम्हाला ते बघता यायला हवं. एरर आली की अख्ख्या स्क्रीनचा तिरपा फोटो ग्रुपवर टाकून ‘प्लीज हेल्प’ लिहिण्याऐवजी शेवटची ओळ वाचायची; पायथनमध्ये तर खरं कारण बहुतेक वेळा शेवटच्याच ओळीत असतं. ती ओळ जशीच्या तशी शोधली किंवा विचारली तर माणूसही मदत करतो आणि एआयही.

मशीनच्या मर्यादेबद्दल मात्र खोटा धीर देणार नाही. अँड्रॉइड स्टुडिओला गुगल स्वतःच किमान आठ जीबी रॅम सांगतं आणि सोबत इम्युलेटर चालवायचा तर सोळा. चार जीबीच्या मशीनवर तो बसवायचा हट्ट करू नका. अॅप शिकायचंच असेल तर कॉलेजच्या लॅबमधलं चांगलं मशीन मागा, तो तुमचा हक्क आहे, फी भरलीय. पण वेब, पायथन, सी, डेटाबेस हे सगळं चार जीबीवर नीट शिकता येतं. डेटाबेससाठी झॅम्पही जड वाटत असेल तर एसक्यूलाइट आहे, अख्खा डेटाबेस एका फाइलमध्ये, आणि पायथनसोबत तो आपोआप येतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ बसत नाही म्हणून दुकानदार नवा घ्यायला सांगत असेल, तर आधी लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती पेन ड्राइव्हवरून चालवून बघा. न बसवताही चालवून बघता येते, आतल्या डेटाला हात लागत नाही. आवडली तर बॅकअप घेऊन बसवा.

कॉलेजांकडून जे मागायचं ते फार खर्चाचं नाही. पहिल्या सेमिस्टरचा पहिला प्रयोग ‘कोऱ्या मशीनवर कंपायलर बसवा आणि चालवून दाखवा’ असा असावा आणि त्याला मार्क असावेत. लॅबच्या मशीनवर विद्यार्थ्यांना अॅडमिनचा पासवर्ड देता येत नाही, हे मान्य. शंभर हात एका मशीनवर फिरतात. पण पाच जुनी मशीनं बाजूला काढून ‘ही बिघडवण्यासाठी आहेत’ अशी पाटी लावता येते. बिघडली की पुन्हा कोरी करायची, तेही मुलांनीच. दर सेमिस्टरला लॅबच्या एका संगणकावर नव्या सेटअप फाइलींचा फोल्डर भरून ठेवायचा, सोबत हॅशची यादी आणि मराठीत दोन पानी टिपण. ज्याला हवं त्यानं पेन ड्राइव्ह आणून न्यावं. वायफायवरून तोच फोल्डर उघडा ठेवला तर पेन ड्राइव्हही नको. हे काम शिपायाचं नाही, प्राचार्यांचंही नाही. थर्ड इयरच्या दोन पोरांना एका शनिवारी बसवलं तर संध्याकाळपर्यंत होतं, आणि ते दोन पानी टिपण त्यांनीच लिहावं, कारण पाथचा चौकोन टिक करायला विसरल्यावर काय होतं ते त्यांना अजून ताजं आठवत असतं.